घरच्या कुल्फीत बर्फ लागतो? चूक फ्रीजरची नाही, कढईची आहे

दरवर्षी एप्रिल उजाडला की माझ्याकडे तीच तक्रार येते. कुल्फी केली, चव मस्त आली, पण खाताना दाताखाली कचकच बर्फ लागतो. मग कोणी म्हणतं आमचा फ्रीज जुना आहे, कोणी म्हणतं साचे चांगले नाहीत, आणि पुढच्या वेळी त्यात कॉर्नफ्लोअर, ब्रेड, मिल्क पावडर, क्रीम, जे हाताला लागेल ते घालतात आणि कुल्फीची खीर होते. आमच्या अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असतो, त्यामुळे घरी कुल्फी आठवड्यातून एकदा तरी होतेच, आणि स्वयंपाकघरातलं हे एकच खातं माझ्याकडे आहे, बाकी मला तिथे कोणी विचारत नाही. वीसेक वर्षांत मीही सगळ्या चुका केल्यात, म्हणून नीट क्रमाने लिहितो.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा, मग पुढचं सगळं आपोआप कळतं. आइस्क्रीम गोठताना मशीन ते सारखं फिरवत असतं, त्यात हवा भरते, बर्फाचे कण मोडत राहतात. कुल्फी आपण साच्यात भरून नुसती ठेवून देतो. म्हणजे मिश्रणात मोकळं पाणी जितकं जास्त तितके बर्फाचे खडे मोठे, आणि ते मोडायला कोणी नाही. तेव्हा पाणी आधीच काढायचं, आणि ते निघतं फक्त गॅसवर.

हिशोबच बघा ना. फुल क्रीम दुधात ६ टक्के फॅट आणि ९ टक्के बाकीचे घन पदार्थ, म्हणजे उरलेलं ८५ टक्के पाणीच. १ लिटर दुधात पावणेनऊशे ग्रॅमच्या आसपास पाणी झालं. दूध ४५० मिलीवर आणलं की त्यातलं सव्वातीनशे ग्रॅम उरतं. पण बहुतेक जण कंटाळून ६५० मिलीला गॅस बंद करतात, तेव्हा पाचशेच्या वर पाणी शिल्लक असतं. डोळ्याला दोन्ही 'घट्ट' दिसतात, गरम असताना तर फरक कळतच नाही. फरक कळतो दुसऱ्या दिवशी, दाताला.

टप्पा १: सामान (आदल्या दिवशीच बघून ठेवा)

१ लिटर दुधाच्या ७० मिलीच्या साधारण ७ कुल्फ्या होतात. पहिल्यांदा करताय तर १ लिटरच घ्या, तीन लिटर आटवायला बसलात तर दुपार जाईल आणि शेवटी कंटाळून तीच चूक कराल.

- फुल क्रीम किंवा म्हशीचं दूध १ लिटर
- साखर ७५ ते ८० ग्रॅम (आमटीच्या लहान वाटीने पाऊण वाटीच्या आत बसते, पण एकदा वजन करून बघा, प्रत्येकाची वाटी वेगळी असते)
- ताजा खवा ५० ग्रॅम, असला तर, नसला तरी अडत नाही
- वेलची ४-५, केशराच्या १०-१२ काड्या, पिस्ते आणि बदाम मिळून दोन मोठे चमचे
- चिमूटभर मीठ (हसू नका, गोडाला उठाव येतो)

दूध टोन्ड घेऊ नका. त्यात फॅट फक्त ३ टक्के, आणि आटवलं तरी चव पातळच राहते. गायीच्या दुधाची होते, पण ते जास्त आटवावं लागतं, १ लिटरचं ४०० मिलीपर्यंत, आणि रंग पिवळसर येतो.

दूध सकाळी आणलं की सकाळीच तापवायला घ्या. उन्हाळ्यात दूध दोन तास ओट्यावर राहिलं तर ते आंबायला लागलेलं असतं, वासावरून कळत नाही पण आटवताना अर्ध्यावर फाटतं. कालचं उरलेलं दूध आजच्यात मिसळू नका, अजिबात नाही. वाटीभर वाचवायला जाऊन लिटरभर घालवाल.

*तपासा:* दुधाबद्दल जराही शंका असली तर एक पळीभर दूध छोट्या भांड्यात उकळून बघा. कण दिसले तर त्याचं पनीर करा, कुल्फीचा विचार सोडा.

टप्पा २: भांडं आणि खुणेची काडी

रुंद आणि जाड बुडाचं भांडं. उभा गंज (महाराष्ट्राच्या पश्चिम भागात ज्याला पातेलं म्हणतात) नको, कारण वाफ वरच्या पसाऱ्यातून जाते, उंचीतून नाही. रुंद कढईत जे काम ४५ मिनिटांत होतं त्याला उभ्या गंजात दीड तास लागतो. जाड अॅल्युमिनियमची किंवा तीन थरांची स्टीलची कढई उत्तम, कल्हईचं पितळी भांडं असेल तर सोन्याहून पिवळं. लोखंडी कढईत दुधाचा रंग काळपट होतो आणि लोखंडाची चव उतरते, ती भाजीसाठीच ठेवा.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जे कोणी करत नाही. कढईत आधी ४५० मिली पाणी मोजून ओता. त्यात लाकडी सराटा (उलथणं) बरोबर मधोमध उभा धरा आणि पाणी जिथे लागतं तिथे पेन्सिलने रेघ मारा किंवा रबर बँड लावा. पाणी ओतून द्या. झालं, तुमचं मीटर तयार. 'अर्धं झालं की बंद करा' हे ऐकायला सोपं वाटतं, पण कढई खाली निमुळती असते, तिथे नजरेने अर्धं कळत नाही. सगळ्यांचं चुकतं ते इथेच.

दूध ओतायच्या आधी कढई पाण्याने विसळा आणि पुसू नका. तळाला पाण्याचा पातळ थर राहतो, दूध लगेच धरत नाही. काही घरांत तळाशी एक बशी उपडी ठेवतात, दूध उकळलं की ती खडखडते आणि बूड लागू देत नाही. मला तो आवाज आवडत नाही, पण ज्यांना सारखं ढवळायला जमत नाही त्यांनी ठेवावी.

टप्पा ३: आटवणं

शक्यतो सकाळी सहाला करा. दुपारी बारा वाजता गॅसपुढे उभं राहून दूध आटवणं ही शिक्षा आहे, आणि माणूस घामाघूम झाला की घाई करतो.

१. मोठ्या आचेवर पहिली उकळी आणा. या वेळात जागेवरून हलायचं नाही, सारखं ढवळायचं. दूध उतू जातं ते नेमकं मोबाइल वाजला की.

२. उकळी आली की मध्यम आच करा. दूध सतत हलकं खदखदत राहिलं पाहिजे. एकदम मंद आचेवर ठेवलं तर दोन तास लागतात, आणि फार मोठ्या आचेवर तळ करपतो.

३. दर तीन-चार मिनिटांनी तळापासून सराटा फिरवा, मग वर आलेली साय कडेला सारा. कडेला साय साचत जाते, दर दहा मिनिटांनी ती खरवडून परत दुधात घाला. ही खरवडच कुल्फीची खरी चव आहे, बाजारच्या कुल्फीत जो दाणेदारपणा लागतो ना तो हाच.

४. वीस मिनिटांनंतर दूध फसवायला लागतं. दाट दिसतं, बुडबुडे मोठे होतात, वास सुटतो, आणि घरातला कोणीतरी येऊन म्हणतो 'झालं की आता'. ऐकू नका. सराटा मधे उभा धरा, रेघ बघा.

सावधान: शेवटची दहा मिनिटं सगळ्यात धोक्याची. दूध कमी झालेलं, साखर नाही तरी दुधातली स्वतःची साखर तळाला धरायला लागते. आता ढवळणं थांबवायचं नाही. तळाला काही चिकटलंय असं सराट्याला जाणवलं तर ते खरवडायला जाऊ नका, दूध लगेच दुसऱ्या भांड्यात काढा आणि तिथे पुढे आटवा. करपलेला थर एकदा खरवडला की सगळ्याला जळका वास लागतो, त्यावर वेलची, केशर, गुलाबपाणी, कशाचाच इलाज नाही. मी करून बघितलंय. ते दूध बायकोने पोळ्यांच्या कणकेत संपवलं आणि पोळ्यांनाही वास आला.

टप्पा ४: साखर, तीही आता

साखर सुरुवातीला घालू नका. आधी घातली की दूध लवकर लाल होतं आणि बूड लागतं. दूध रेघेवर आलं की मगच घाला.

साखर घातली की दूध पुन्हा पातळ झाल्यासारखं दिसेल, घाबरू नका, साखर विरघळून त्याचं पाणी होतं. अजून पाच-सात मिनिटं आटवा, परत रेघेच्या जरासं वर येईपर्यंत. हे पाच मिनिटं लोक गाळतात.

किती घालायची? थंड पदार्थात जिभेला गोड कमी लागतं, म्हणून गरम मिश्रण चाखताना 'जरा जास्तच झालं' असं वाटलं पाहिजे. पण म्हणून वाटीभर ओतू नका. साखरेमुळे पाणी गोठायला जास्त थंडी लागते, तेव्हा साखर फार झाली तर कुल्फी आठ तासांनीही लिबलिबीत राहते आणि काडी धरली की खाली पडते. आणि साखर फार कमी केली तर उलटं, दगड होतो. तब्येतीसाठी निम्मी साखर घालून केलेली कुल्फी कडक का झाली असं विचारणारे बरेच आहेत, त्याचं उत्तर हे. गोड कमी हवं असेल तर कुल्फी छोटी खा.

गूळ घालायचा असेल तर गरम दुधात घालू नका, दूध फाटतं. दूध पूर्ण गार झाल्यावर चिरलेला किंवा पावडरचा गूळ मिसळा आणि गाळून घ्या.

खवा घालत असाल तर तो किसून, वाटीत थोड्या गरम दुधाबरोबर बोटांनी मोडून, मग कढईत. सरळ टाकला तर गुठळ्या राहतात. दोन मिनिटं शिजवा, मीठ घाला, गॅस बंद.

*तपासा:* थंड बशीवर अर्धा चमचा मिश्रण घाला आणि बशी तिरकी करा. पाण्यासारखं धावलं तर अजून आटवायचंय. हळू सरकलं, मागे पांढरा थर सोडला, तर बरोबर.

शॉर्टकटबद्दल दोन शब्द

वेळ नाही, मान्य. मग नीट शॉर्टकट करा. मिल्क पावडर १ लिटरला दोन ते तीन मोठे चमचे, थंड दुधात कालवून, आणि दूध ६०० मिलीपर्यंत तरी आटवाच. त्याहून जास्त पावडर घातली तर जिभेला रेती लागल्यासारखी लागते, ती दुधातली साखर असते, बर्फ नाही. कॉर्नफ्लोअर एक छोटा चमचा, तोही थंड दुधात, आणि घातल्यावर निदान चार-पाच मिनिटं उकळलंच पाहिजे, नाहीतर कच्च्या पिठाची चव येते. कंडेन्स्ड मिल्क वापरलं तर वरून साखर घालू नका, त्यात ४० टक्क्यांच्या वर साखर आधीच असते. तिन्ही एकत्र घालणारे लोक मी पाहिलेत, त्यांना माझा नमस्कार.

टप्पा ५: गार करणं

इथे घाई झाली की आधीची तासाभराची मेहनत पाण्यात, खरं तर बर्फात.

परातीत गार पाणी घ्या, त्यात बर्फाचे चार-पाच खडे टाका आणि कढईतलं मिश्रण स्टीलच्या भांड्यात काढून त्या परातीत ठेवा. अधूनमधून ढवळा म्हणजे वर साय धरणार नाही. पंधरा-वीस मिनिटांत कोमट होतं. नळाचं पाणी वापरत असाल तर हात घालून बघा, मे महिन्यात आमच्या गच्चीवरच्या टाकीचं पाणी चहाच्या आधणाइतकं असतं, त्यात दूध गार व्हायच्या ऐवजी ताजंतवानं होईल.

ओट्यावर 'आपोआप गार होईल' म्हणून दुपारभर ठेवू नका. चाळीसच्या वर तापमान असताना आटवलेलं गोड दूध तासाभराच्या वर बाहेर राहू देऊ नये.

कोमट झाल्यावर वेलची पूड (वेळेवर कुटलेली), दोन चमचे कोमट दुधात भिजवलेलं केशर आणि सुका मेवा घाला. पिस्ते पाच मिनिटं गरम पाण्यात ठेवून सोलायचे, मग पंचाने नीट कोरडे करायचे आणि बारीक काप करायचे. ओले घातले तर त्यांच्याभोवती बर्फाचं कवच तयार होतं. मोठे तुकडे तळाशी बसतात आणि गोठल्यावर दाताला खड्यासारखे लागतात.

सायीचे तुकडे आवडत नसतील तर मिक्सरला फक्त चार-पाच सेकंद फिरवा. जास्त फिरवलं, त्यातून मिश्रण गार असलं, तर लोणी सुटतं आणि टाळूला तेलकट चिकटतं. मी फिरवत नाही.

आता झाकून फ्रीजमधे, वरच्या फ्रीजरमधे नाही, खालच्या कप्प्यात दोन-तीन तास. रात्रभर ठेवलं तर आणखी छान मुरतं. हा टप्पा का? मिश्रण जितकं गार होऊन साच्यात जाईल तितकं लवकर गोठेल, आणि जितकं लवकर गोठेल तितके बर्फाचे कण बारीक. कोमट मिश्रण सरळ फ्रीजरमधे ठेवलं की ते स्वतः तर हळूहळू गोठतंच, वर शेजारच्या मटारच्या पिशवीलाही घाम फोडतं.

*तपासा:* एक चमचा मिश्रण स्टीलच्या वाटीत घालून पाऊण तास फ्रीजरमधे ठेवा आणि खाऊन बघा. बर्फ लागला तर अजून वेळ गेलेली नाही, सगळं परत कढईत घालून दहा मिनिटं आटवा. गोड कमी वाटलं तर पिठीसाखर आत्ता घाला. एवढी एक सवय लावून घेतलीत तर फसलेली कुल्फी तुमच्याकडे कधी होणार नाही.

आंब्याची करायची असेल तर

सगळ्यात जास्त बर्फ आंब्याच्या कुल्फीत होतो, कारण इतकं कष्टाने पाणी काढलेल्या दुधात आपण वाटीभर रस ओततो, आणि आमरसात पाणीच पाणी. रस आधी आटवा. एक वाटी रस नॉनस्टिक तव्यात किंवा छोट्या कढईत मंद आचेवर आठ-दहा मिनिटं, अर्धी वाटी होईपर्यंत. उडतो, हाताला चटका बसतो, लांब दांड्याचा चमचा घ्या. हापूस, केसर चालतात, रेषेचा आंबा असेल तर रस गाळून घ्या.

रस आणि दूध, दोन्ही गार झाल्यावरच एकत्र करा. गरम दुधात आंब्याचा आंबटपणा गेला की फाटलंच. डब्यातला पल्प बहुतेक वेळा गोड केलेला असतो, चाखून बघा आणि साखर त्या हिशोबाने २५-३० ग्रॅम कमी धरा. आणि आंब्यात वेलची घालायची की नाही यावरून भांडू नका, मी घालत नाही.

टप्पा ६: साचे आणि फ्रीजर

१. फ्रीजर सगळ्यात थंड सेटिंगवर तीन-चार तास आधी करून ठेवा. कुल्फी आत ठेवल्यावर बटण फिरवण्यात अर्थ नाही.

२. साचे अॅल्युमिनियमचे किंवा स्टीलचे बरे, धातूतून थंडी पटकन पोचते. प्लॅस्टिकला वेळ लागतो. साचे नसतील तर स्टीलचे छोटे पेले, नाहीतर मातीची छोटी मडकी, पण मडकी वापरायच्या आधी पाण्यात भिजवून कोरडी करा, नाहीतर दूध शोषतात.

३. काठापर्यंत भरू नका, बोटाच्या पेराचा अर्धा भाग रिकामा ठेवा, गोठताना मिश्रण फुगतं. भरल्यावर साचा ओट्यावर दोनदा हलका आपटा, आतली हवा निघते.

४. पृष्ठभागाला चिकटून प्लॅस्टिकचा तुकडा किंवा फॉइल लावा, मग झाकण. उघडं ठेवलं की वर हिमाचा थर येतो, आणि फ्रीजरमधला वासही लागतो. आमच्याकडे एकदा सुक्या बोंबलाच्या डब्याशेजारी मलाई कुल्फी ठेवली गेली होती. पुढचं सांगत नाही.

५. साचे फ्रीजरच्या तळाला टेकले पाहिजेत. ट्रेवर, पिशव्यांवर, एकावर एक रचून ठेवू नका.

६. काडी दीड-दोन तासांनी, मिश्रण अर्धवट धरल्यावर लावा. आधी लावली तर कलंडते.

७. निदान आठ तास. रात्री नऊला ठेवा, सकाळी तयार. मधे उघडून बोटाने दाबून बघायचं नाही. पोरं ऐकत नाहीत, म्हणून मी साचे पालेभाजीच्या डब्यामागे लपवतो.

सावधान: लाईन गेली तर फ्रीजरचं दार उघडू नका, भरलेला फ्रीजर बंद राहिला तर बरेच तास थंडी धरून ठेवतो. पण कुल्फी वितळून पातळ झाली असेल तर ती तशीच परत गोठवू नका. एक तर हळू गोठून त्यात मोठे खडे होतात, आणि पातळ होऊन किती वेळ गरम राहिली हे आपल्याला माहीत नसतं. नुकतीच मऊ झालेली आणि थंडगार असेल तर तेवढ्यात मिल्कशेकला वापरून टाका.

फ्रीजर कमजोर असेल तर: बर्फ आणि मीठ

जुन्या सिंगल डोअरच्या बर्फाच्या कप्प्यात कुल्फी कधीकधी बसतच नाही. तेव्हा गाडीवाला जे करतो तेच करा. नुसता बर्फ शून्य अंशावर असतो, तेवढ्यात कुल्फी गोठत नाही. बर्फात मीठ मिसळलं की तो वितळताना तापमान शून्याखाली बरंच उतरतं, प्रमाण जमलं तर उणे १५ च्याही खाली जातं.

प्रमाण: ३ किलो फोडलेल्या बर्फाला १ किलो जाडं मीठ. मोठ्या माठात किंवा थर्मोकोलच्या पेटीत थर द्या, बर्फ, मीठ, बर्फ, मीठ. बर्फ बारीक फोडा, मोठ्या ढेपीत साचे टेकत नाहीत. साच्यांची झाकणं घट्ट हवीत, पूर्वी कणकेने तोंड लिंपायचे आणि आजही ते सगळ्यात खात्रीचं आहे, कारण मिठाचं थेंबभर पाणी आत गेलं की कुल्फी संपली. साचे उभे खोचा, वर गोणपाट टाका, दर दहा मिनिटांनी माठ हलवा. छोटे साचे तास-दीड तासात घट्ट होतात, आणि जलद गोठल्यामुळे पोत फ्रीजरपेक्षा चांगला येतो हे मी पैजेवर सांगतो.

बर्फाच्या कारखान्यातली लादी आणलीत तर ती फक्त बाहेरून थंड करायला. खाण्याचा नसलेला बर्फ ओळखू यावा म्हणून त्यात निळा रंग घालायचा नियम महाराष्ट्रात २०१८ मधे आला, पण पांढरा दिसला म्हणून खाण्यालायक असं समजू नका. मिठाच्या बर्फात हात घालताना हातमोजे किंवा जाड फडकं घ्या, बोटं बधिर होतात. आणि ते खारं पाणी झाडांना ओतू नका.

टप्पा ७: काढणं आणि वाढणं

साचा दोन्ही तळव्यांत धरून फिरवा, हाताच्या उबेनेच सुटतो. नाही सुटला तर साध्या पाण्यात दहा सेकंद बुडवा, गरम पाण्यात नाही, बाहेरून वितळून वर चिकट थर येतो. सुरी कडेने फिरवली तर चालेल, पण मधे खुपसू नका, तडा जातो.

लगेच चावू नका. बशीत तीन-चार मिनिटं थांबा, चव तेव्हा उघडते. साचे भरपूर असतील तर सगळ्यांच्या एकदम काढू नका, उन्हाळ्यात पाचव्या माणसापर्यंत पोचेपर्यंत पहिल्याची रबडी झालेली असते. बश्या मात्र आधी दहा मिनिटं फ्रीजमधे ठेवा, फार फरक पडतो.

फालुदा करायचा असेल तर सब्जा वीस मिनिटं भिजवा आणि निथळून घाला, शेव गार पाण्यात ठेवा आणि तीही निथळूनच घाला. ओली शेव आणि न निथळलेला सब्जा घातला की ग्लासात पाणी सुटतं.

घरची कुल्फी दहा-पंधरा दिवसांत संपवा. खराब होत नाही, पण हळूहळू कोरडी पडते आणि वर हिम धरतं.

फसलीच तर काय करायचं

बर्फाळ झाली: वितळवा, गार असतानाच कढईत घ्या, परत ४५० च्या रेघेवर आणा, गार करा, भरा. हे एकदाच, आणि कुल्फी बाहेर राहिलेली नसेल तरच. साखरेची चव बघा, आटवल्यावर गोड वाढतं.

धरतच नाही: साखर जास्त झालीय किंवा फ्रीजर पुरेसा थंड नाही. अर्धा लिटर बिनसाखरेचं दूध वेगळं आटवून, गार करून त्यात मिसळा.

तेलकट लागते: मिक्सर जास्त फिरला, किंवा वरून क्रीम ओतलं. याला उपाय नाही, पण गरम करून शेवयांच्या खिरीत घातली तर कोणाला कळत नाही.

दाणे दाणे लागतात पण बर्फ नाही: पावडर जास्त किंवा खवा नीट मोडला नाही. वितळवून गाळा.

आणि हे काहीच करायचा उत्साह नसेल, बाहेर लू चाललीय, पाहुणे आलेत, तर बर्फाळ कुल्फीचे तुकडे मिक्सरमधे टाका, वर पेलाभर थंड दूध, अर्धा मिनिट फिरवा, ग्लासात ओता आणि कुल्फी होती हे सांगूच नका. मागच्या मे महिन्यात मी तेच केलं, पाहुण्यांनी रेसिपी मागितली.